पाय धरणारी जागा

लग्नाची हळद माझ्या हातावरून आठ दिवसांत गेली. माझ्या नवऱ्याच्या हातावरची गेली नाही. महिना झाला, दोन महिने झाले, तरी त्यांच्या दोन्ही तळहातांच्या रेषा पिवळ्या त्या पिवळ्याच. मी एकदा चिंचेनं आणि राखेनं घासून पाहिल्या. हात लाल झाला, रेषा तशाच राहिल्या. सासूबाई चुलीपाशी बसून बघत होत्या.

"हळद न्हाई ती," त्या म्हणाल्या. "सोनं हाय. ह्येच्या बाच्या हाताला बी हुतं. चुलत्याच्या बी."

मी तळेगावची, सातवी पास आणि तोंडानं फटकळ. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पण हेही खरं, की पुढं काही दिवस त्या हातानं वाढलेलं पाणी प्यायला मला कसंसंच व्हायचं. सासरे आणि चुलत सासरे दोघंही पन्नाशी न पाहता गेलेले, हे मला तेव्हा ठाऊक होतं. त्या दोन गोष्टींची गाठ मात्र माझ्या डोक्यात कुणी मारली नव्हती.

आमचं घर तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याला, पेठेपासून हाकेच्या अंतरावर. त्या बाजूला पावसाआधी भाताचे राब, म्हणजे रोपांचे वाफे, पालापाचोळा घालून भाजतात आणि मग त्यात बी पेरतात. पहिली मूठ कुणी टाकायची याला फार मान. आमच्या गावात ती मूठ सोन्याच्या हातानंच पडली पाहिजे, असा रिवाज होता. आधी सासऱ्यांना बोलवायचे, नंतर यांना. मूठ टाकून झाली की त्या घरची बाई यांच्या दोन्ही तळव्यांना तूप चोळायची आणि उरलेली वाटी यांच्या तोंडाला लावायची. सोन्याचा हात कोरडा ठेवू नये म्हणतात. पंचवीस-तीस घरं होती, त्यामुळे त्या आठवड्यात हे जेवायचेच नाहीत, नुसतं तूप प्यायचे. वर्षभर कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला न्हाण आलं, की आणखी एक वाटी घरपोच यायची. यांचं पोट सुटलं, कोपरांवर हरभऱ्याएवढ्या पिवळट गाठी आल्या. सासूबाई त्या गाठींवरून हात फिरवायच्या आणि समाधानानं म्हणायच्या, "मुरतंय."

यांचं काम टपालाचं. संध्याकाळच्या एसटीनं थैली यायची, आमच्या खुंटीला लटकायची आणि सकाळी हे ती खांद्याला मारून वरच्या वाड्यांना निघायचे. सासरेही हेच काम करायचे. त्यांची घुंगरं बांधलेली काठी यांनी ठेवली होती. एव्हाना असल्या काठ्या कुणी वापरत नव्हतं. मी थट्टाही करायची की नंदीबैल निघाला. पण पावसाळ्यात आमच्याकडं धुकं उतरलं की दोन हातांवरचा गोठा दिसत नाही. हे चार पावलं गेले की दिसेनासे व्हायचे. मग नुसती घुंगरं ऐकू यायची, बरीच लांबपर्यंत. सासूबाई उंबऱ्यावर बसून ती ऐकायच्या. मला वाटायचं, म्हातारीला दुसरा उद्योग नाही.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. श्रावणातली सकाळ होती. हे निघाले, धुक्यात गेले, घुंगरं वाजत राहिली आणि मध्येच बंद झाली. मी भांडी घासत होते. सासूबाईंनी हात वर करून मला थांबवलं. पाचेक मिनिटं काहीच आवाज नव्हता. मग घुंगरं पुन्हा वाजायला लागली.

"उंबरापाशी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

संध्याकाळी मी यांना विचारलं. हे हसले. चढावर उंबराचं झाड आहे, तिथं डाव्या पोटरीत अशी कळ आली की पाऊल उचलेना. जरा थांबल्यावर गेली, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कळ, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. ना चार पावलं अलीकडं, ना पलीकडं. चुन्याची रेघ मारून ठेवावी इतकी ती जागा नेमकी होती.

"तितं कुणीतरी पाय धरतं," सासूबाई मला एकटीला म्हणाल्या. "तुज्या मामंजींचा बी तितंच धरला हुता पयला."

"पहिला म्हणजे?"

"मंग ते घराकडं यायला लागलं."

मी म्हणाले, काहीतरीच काय आत्याबाई. पण त्या दिवसापासून मीही घुंगरं ऐकायला लागले. दिवाळीपर्यंत ती उंबरापाशी थांबत होती. धुकं सरलं होतं, तरी आम्ही दोघी डोळे मिटल्यासारख्या कानानंच बघायचो. संक्रांतीला ती ओढ्यापाशी थांबायला लागली. ओढा उंबराच्या बराच अलीकडं. होळीच्या सुमारास ती शेजाऱ्यांच्या पेंढ्याच्या उडवीपाशी थांबली. उडवी आमच्या अंगणातून दिसते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हे चालताचालता अचानक उभे राहिले, काठी घट्ट धरून, मान खाली घालून. आजूबाजूला कुणी नव्हतं. सकाळचे दहा वाजले होते, लख्ख ऊन होतं आणि माझ्या अंगावर काटा आला.

"मामंजींच्या वेळेला शेवटी कुठवर आलं होतं?" मी विचारलं.

सासूबाईंनी उंबऱ्याकडं बोट दाखवलं.

भीती वाटली की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे. मी यांना म्हणाले, मुंजा असो की आणखी कुणी, तो पोटरी धरतोय ना, मग पोटरीचा डॉक्टर बघू. दुसऱ्या दिवशी थैली दुसऱ्याच्या गळ्यात मारायला लावली आणि यांना एसटीत घालून लोणावळ्याला नेलं.

तिथले डॉक्टर वयस्कर होते. मुंबईहून हवापालटाला म्हणून आले आणि इथंच राहिले, असं लोक सांगायचे. त्यांनी पायाच्या घोट्यापाशी बोटं ठेवून नाडी शोधली. उजवीकडं सापडली. डावीकडं शोधत राहिले, शोधत राहिले आणि सोडून दिलं. मग यांचा हात हातात घेतला, तो सहज पालथ्याचा उताणा झाला आणि डॉक्टर बोलायचेच थांबले. यांना खिडकीपाशी नेलं. दोन्ही तळवे उजेडात धरले. कंपाउंडरला बोलावून दाखवले. एका टपालवाल्याचे हात ते दोघं देवळातल्या मूर्तीकडं बघावं तसे बघत होते.

"किती वर्षं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरात पहिल्यापासून आहे," हे अभिमानानं म्हणाले. वडील-चुलते कधी आणि कसे गेले तेही डॉक्टरांनी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावून रक्त काढलं. काचेची नळी थंड कपाटात ठेवली आणि आम्हाला म्हणाले, उद्या या, मग दाखवतो. आम्ही ओळखीच्यांकडं उतरलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी ती नळी उजेडात धरली. तळाशी लाल गोठलेलं होतं. त्याच्यावर जे पाणी सुटलं होतं ते ताकासारखं गढूळ, आणि सगळ्यात वर, बोटाच्या पेराएवढी सुद्धा नाही, पण स्पष्ट, साय.

माणसाच्या रक्तावर साय धरलेली मी बघितली आहे. अजून दुधाचं पातेलं निवत ठेवलं की मी त्याच्याकडं पाठ करून उभी राहते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. हे सोनं नाही, चरबी आहे. रक्तात मावत नाही एवढी झाली की कातडीत साठते, तशीच रक्ताच्या नळ्यांना आतून लिंपत जाते. नळी अरुंद झाली की चढावर पायाला रक्त पुरत नाही, मग पोटरी कळ मारते. अंतर ठरलेलं, म्हणून जागाही ठरलेली. नळी जितकी बुजेल तितकी जागा घराकडं सरकेल. "आज पाय आहे. उद्या काळीज असेल," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांचं आणि चुलत्यांचं हेच झालं असणार." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पाय धरणारा वाटेवर नाही बाई. तो आत आहे."

मला ते वाक्य फार आवडलं. घरी येऊन मी ते सासूबाईंना जसंच्या तसं ऐकवलं, मोठ्या तोऱ्यात. "ऐकलंत का? ते बाहेर नाही, आत आहे." त्यांनी उठून यांचा हात उघडून पाहिला. त्या काय बघतात हे मी तेव्हा ओळखायला हवं होतं.

पथ्य कडक होतं. तूप, लोणी, साय, मटण, अंडी, गोडधोड बंद. बिडी बंद. पोट उतरवायचं. पुण्याहून मागवलेल्या कॅप्सुला रोज घ्यायच्या. औषध नवीन आहे, पण तुमच्यासारख्याला लागू पडतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि चालणं सोडायचं नाही. कळ आली की थांबायचं, गेली की पुन्हा चालायचं. मी घरातलं तुपाचं मडकं शेजारी देऊन टाकलं. त्या वर्षी राबाची पहिली मूठ टाकायला हे गेले, पण मी बरोबर गेले आणि दारोदारी वाटी परत केली. बायका माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मीच काही वाईट साधायला निघाले आहे. "हात कोरडा ठेवती ही बया," एक म्हातारी मला ऐकू जाईल असं म्हणाली. मी म्हणाले, "हात कोरडा, माणूस जिवंत."

आणि घुंगरं मागं हटायला लागली. आधी उडवीवरून ओढ्याकडं, मग ओढ्यावरून उंबराकडं. पावसाळा सरताना एका सकाळी मी उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होते, तर ती उंबरही ओलांडून गेली. मी आत जाऊन एकटीच रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

हातही बदलत होते. रेषांचं पिवळं आधी मळकट झालं, मग फिकं. काही ठिकाणी तर साधी गुलाबी रेघ दिसायला लागली. रोज सकाळी निघताना सासूबाई यांचा हात हातात घेऊन बघायच्या. दिवसेंदिवस जास्त वेळ बघायच्या. मला वाटायचं, मान गेल्याचं वाईट वाटतंय. गावानं तसं बोलायला सुरुवात केलीच होती.

पुढच्या पावसाळ्यात घुंगरं पुन्हा ओढ्यापाशी थांबली. माझा विश्वास बसेना. आठवड्यानं उडवीपाशी. मी यांच्यावर संशय घेतला. पेठेतल्या हॉटेलात भजी खाता का, बिडी ओढता का, म्हणून भांडले. हे शपथा घ्यायचे. मी यांच्या सदऱ्याचा वास घ्यायची. बिडीचा नसायचा. कशाचा तरी असायचा, पण तो आपल्याच घरातला वास होता, म्हणून मला ओळखू आला नाही.

मग ती सकाळ. धुकं इतकं दाट की अंगणातली तुळसही दिसत नव्हती. हे निघाले. घुंगरं सात-आठ पावलं वाजली आणि थांबली. उडवी नाही, काहीच नाही. घराच्या भिंतीला लागून, अगदी मागच्या बाजूला थांबली. मला सासऱ्यांचा उंबरा आठवला. हातातली परात टाकून मी बाहेर धावले. हाक मारली, ओ आली नाही. धुक्यात भिंत चाचपत मागं गेले. गोठ्यातून पुन्हा एकदा बारीक छुन् झालं.

आत म्हशीच्या आडोशाला हे उभे होते, तोंड वर करून, लहान मुलासारखे. सासूबाई चवड्यांवर उभ्या राहून यांच्या तोंडाला वाटी लावत होत्या. दुसऱ्या हातानं त्यांनी यांचा पंजा धरला होता आणि अंगठ्यानं रेषांवर तूप चोळत होत्या. डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते. मी किंचाळले तरी त्यांनी आधी वाटी रिकामी केली, मग वळल्या.

वर्षभर वाटी येतच होती. गावातल्या बायका मला चुकवून सासूबाईंच्या हाती देत होत्या, त्या ते तूप कोंड्याच्या कणगीत पुरलेल्या मडक्यात ओतत होत्या. "तुम्हाला तरी कळत नव्हतं का?" मी यांना विचारलं. हे गरीब तोंड करून म्हणाले, "आगं, आयेच्या हातचं बादत न्हाई."

मी खाली बघितलं. यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. ठेच लागली म्हणून चार दिवस सांगत होते. मी ते सोडलं. अंगठा जांभळट काळा होता आणि बर्फासारखा गार.

तो अंगठा लोणावळ्यातच काढावा लागला. पाय वाचला, म्हणजे नशीब, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई आमच्याबरोबर आल्या होत्या. दवाखान्याच्या ओट्यावर मी त्यांना नको ते बोलले. "तुमच्या तुपानं खाल्ला यांचा अंगठा. आता उरलेला माणूस कधी खायला घालताय?" असं बोलले. हे शब्द मी नंतर कितीतरी वेळा गिळायचा प्रयत्न केला आहे.

डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं होतं. म्हातारीला पटावं म्हणून त्यांनी नळी बाहेर आणून दाखवली. या वेळी वरचा थर जाड होता. सासूबाईंनी नळीला बोट लावलं.

"ह्ये माजं तूप व्हय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "हो, मावशी. बरंचसं."

मग डॉक्टर आत गेल्यावर मला म्हणाल्या, "तुला वाटलं, मला मान पायजे हुता. तुज्या मामंजींचा बी पाय शेवटाला दुखायचा थांबला. काळा पडला आन् थांबला. चार म्हैनं पडून हुते, पेज बी जाईना पोटात. मी रोज हात बघायची. सोनं रोज थोडं थोडं उतरत गेलं. हात पार कोरा झाला, त्या दिशी गेले." त्यांनी पदर तोंडाला लावला. "ह्येचा बी पाय दुखायचा थांबला, हात बी कोरा व्हाया लागला. तूच म्हनलीस, ते आता आत हाय. मंग मी काय नुसती बघत बसू?"

उपासमारीनं उतरलेली चरबी आणि पथ्यानं उतरलेली चरबी तळहातावर सारखीच दिसते. ते डॉक्टरला कळतं. नवरा पुरलेल्या बाईला कसं कळावं? मी एका बाजूनं माणूस ओढत होते, त्या दुसऱ्या बाजूनं, आणि अंगठा मधल्यामध्ये गेला.

घरी आल्यावर सासूबाईंनी कणगीतलं मडकं काढून ओढ्यात रितं केलं. त्या दिवसापासून यांची कोरडी भाकरी त्या स्वतःच्या हातानं बांधून द्यायच्या. स्वतःही तूप सोडलं. मी म्हणाले, तुम्हाला कुठं पथ्य आहे, आत्याबाई? तर म्हणाल्या, "पोराच्या तोंडचं काढून मी खाऊ व्हय?"

हे बरे होऊन पुन्हा कामावर जायला लागले, जरा लंगडत. रेषा पुन्हा उतरायला लागल्या. सासूबाई रोज सकाळी यांचा हात उघडून बघायच्या, फिकट होत चाललेल्या रेषांवरून बोट फिरवायच्या, मग यांची मूठ मिटून तिच्यात काठी द्यायच्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. मी समजत होते की नळी बघून त्यांना पटलं. पटलं नव्हतं. मुलगा मरतोय असंच त्यांना रोज दिसत होतं, आणि तरी केवळ माझ्या आणि डॉक्टरच्या शब्दावर त्या तो हात कोरा होऊ देत होत्या. हे मला फार उशिरा कळलं. मला एवढं धैर्य झालं नसतं.

दोन वर्षांनी, भाद्रपदात, सासूबाई अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या सकाळी यांचा घरातून पाय निघेना. त्यांनीच हातानं खुणावलं, जा. यांनी हात पुढं केला. तळवा स्वच्छ होता, कुणाही माणसाचा असतो तसा. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि सोडला. हे निघाले, धुक्यात गेले. मी सासूबाईंच्या उशाशी बसले होते.

"कुटं थांबला?" त्यांनी विचारलं.

मी कान दिला. "नाही थांबले. ओढा ओलांडला."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "आन् आता?"

"उंबराच्या पुढं गेले, आत्याबाई. चढावर आहेत. थांबले नाहीत."

त्यांनी पांघरुणाखाली आपला डावा पाय हलवायचा प्रयत्न केला. तो हलला नाही. मी हात लावला तर गुडघ्यापर्यंत गार पडला होता. त्या माझ्याकडं बघून हसल्या, कितीतरी दिवसांनी.

"मंग माजा धरलाय त्यानं," त्या म्हणाल्या. "बरं झालं."

बाहेर घुंगरं अजून ऐकू येत होती.